परदेशात ट्रिपवर असताना मैत्रिणीचा वाढदिवस बाहेर मोकळ्यावर कसा साजरा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की ट्रिपच्या मधेच मैत्रिणीचा वाढदिवस येतोय, तिला हॉटेलात केक वगैरे नकोय, कुठेतरी बाहेर निसर्गात करायचंय, सरप्राईज पण द्यायचंय, तर बरोबर काय काय न्यावं. मी तर म्हणेन न्यायचं कमी आणि आधी बघून ठेवायचं जास्त. जागा कुठली, किती वाजता, आणि तिथे काय चालतं काय चालत नाही, एवढं कळलं की झालं, बाकी सामान आदल्या दिवशी पण जमतं.

आम्ही एका मित्राचा वाढदिवस नॉर्वेत केला होता, लोफोटेन बेटांवर, जूनच्या शेवटी. तिकडे साधारण मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री बाराचा वाढदिवस आम्ही चक्क उन्हात केला. उटाक्लाइव नावाचा बीच आहे, समोर मोकळा समुद्र, त्यामुळे मध्यरात्रीचा सूर्य डोंगराआड न जाता पाण्याच्या जरा वर दिसतो. फोटो म्हणाल तर खतरनाक आले, फोटोग्राफर वगैरे काही लागत नाही. पण वारा! मेणबत्ती पेटवून दाखवा म्हणजे मानलं. शेवटी एका उंच स्टीलच्या मगमधे छोटा बन ठेवला आणि मेणबत्ती अशी खोचली की ती काठाच्या आतच राहील, मग टिकली बिचारी, गाणं संपेपर्यंत तरी. तुम्ही समुद्रकिनारी किंवा डोंगरावर जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर सरळ बॅटरीवरच्या मेणबत्त्या घ्या, फुंकर मारून बटण दाबायचं, हसू येतं ते वेगळंच.

आता नियम, कारण खरी गंमत (आणि खरा दंड) इथेच आहे. बर्थडे म्हटलं की शेकोटी डोक्यात येतेच, पण नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ आग पेटवायला बंदी असते. तंबू मोकळ्या रानात ठोकता येतो, पण राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब. बीअर दुकानात साध्या दिवशी रात्री ८ नंतर आणि शनिवारी संध्याकाळी ६ नंतर मिळत नाही, काही गावांत त्याच्याही आधी बंद, रविवारी तर नाहीच, आणि रविवारी बरीच सुपरमार्केट्सच बंद असतात. म्हणजे वाढदिवस रविवारी येत असेल तर केकची सोय शनिवारीच करून ठेवा. जर्मनीत पण रविवारचं तेच.

प्रत्येक देशाचं खूळ वेगळं. सिंगापूरला रात्री साडेदहा ते सकाळी ७ सार्वजनिक जागेत दारू प्यायची नाही. रोमच्या त्या प्रसिद्ध स्पॅनिश स्टेप्सवर २०१९ पासून नुसतं बसायलाही बंदी आहे, केक कापणं तर सोडाच. न्यूयॉर्कच्या पार्कांमधे २० पेक्षा जास्त लोक जमवणार असाल तर आधी परमिट लागतं. ऑस्ट्रेलियात मात्र उलटं, पुष्कळ पार्कांमधे फुकट इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात, पण ज्या दिवशी टोटल फायर बॅन जाहीर होतो त्या दिवशी कोळशाची वगैरे उघडी आग अजिबात नाही. त्यामुळे जागेचं नाव टाकून पार्कची किंवा नगरपालिकेची साईट एकदा बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

विमानात फुलबाज्या आणि फटाक्याची दारू भरलेले पार्टी पॉपर्स चालत नाहीत, हँडबॅगेत पण नाही आणि चेक-इनमधे पण नाही, ते तिकडे एअरपोर्टवर काढून टाकायला लावतील. फुग्यांसाठी हेलियमचं नळकांडं न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. केक कापायची सुरी चेक-इन बॅगेत जाते, पण मी म्हणते कशाला, चमच्याने खा.

आणि आकाशात कंदील सोडायचं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. जर्मनीत क्रेफेल्टच्या प्राणीसंग्रहालयात २०२० च्या नववर्षाच्या रात्री असल्याच कंदिलांनी माकडांचं घर जळलं, ३० हून जास्त प्राणी गेले, आणि ते कंदील तिथे आधीपासूनच बेकायदेशीर होते. फुगे हवेत सोडणं तसलंच, फ्लोरिडात २०२४ पासून त्याला पूर्ण बंदी आहे. वाऱ्यावर उडणारं, चकचकीत, कागदी काहीच नको, कारण कॉन्फेटी गवतातून वेचायला वाढदिवसवालीलाच बसावं लागतं. अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी जाणार असाल तर खाणं उघड्यावर टाकून फोटो काढायला फिरू नका, अस्वलापासून किमान ९१ मीटर लांब राहायचा तिथला नियमच आहे, केकचा वास त्यांनाही येतो.

वेळेबद्दल एक. बाराच्या ठोक्याचा हट्ट धरू नका. टाइम झोन बदलला की घरच्यांचे मेसेज भलत्याच वेळी यायला लागतात आणि सरप्राईजचं तिथेच भजं होतं, कारण फोन टणटण वाजायला लागला की तिला कळणारच. त्यापेक्षा सूर्योदय धरा, किंवा जेवणाआधीचा तास. (वाढदिवस गायब पण होऊ शकतो बरं का, पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशाने २०११ मधे जिथे तारीख बदलते ती रेषा ओलांडली आणि ३० डिसेंबर हा दिवसच वगळला, त्या तारखेला जन्मलेल्यांनी काय केलं असेल देव जाणे.) पॅसिफिक ओलांडून विमानप्रवास असेल तर तिकिटावरची पोचायची तारीख मात्र नीट बघा.

सरप्राईजचं म्हणाल तर अर्धंच द्या. अनोळखी लोकांसमोर टाळ्या आणि गाणं सगळ्यांनाच आवडतं असं नाही, काहींना मेल्याहून मेल्यासारखं होतं, ते तुम्हालाच माहीत असणार. जागा कुठली ते लपवा, पण किती चालायचंय, थंडी किती असेल आणि टॉयलेट आहे की नाही हे आदल्या रात्रीच सांगून टाका. आणि जॅकेट तिचं तिलाच घ्यायला लावा, नाहीतर तुमचं जाईल.