प्रस्ताव पाठवण्याआधी

इंदूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

संशोधन-अनुदानासाठीचा तुझा प्रस्ताव नीट वाचला. मेहनत दिसते, भाषाही सफाईदार आहे. पण ‘स्मार्ट शहरांतील संवादमाध्यमांची भूमिका’ या विषयाला अनुदान मिळणं कठीण आहे, आणि मिळालंच तर तुझेच हाल होतील. एका जन्मात उरकणारं हे काम नव्हे. परीक्षकापुढे अर्जांचा गठ्ठा असतो. या मुलीला नेमकं काय शोधायचंय आणि ते दिलेल्या मुदतीत हाती लागेल का, एवढं त्याला पहिल्याच पानावर कळायला हवं.

विषय तर रोज सकाळी तुझ्या दारात येतो. भोंगा वाजवत कचऱ्याची गाडी गल्लीत शिरते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरातला घातक कचरा असे सहा प्रकार वेगळे द्यायचे, हे आता इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. २०१७ साली स्वच्छतेत आपला पहिला नंबर आला, तेव्हापासून या शहराचं कौतुक भरपूर छापून आलंय. त्यात तू भर घालू नकोस. तू विचार, की आज गाडी उशिरा येणार हे घरातल्या कोणाला आणि कशावरून कळतं? भोंग्यावरून, मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, महापालिकेच्या ३११ ॲपवरून, की शेजारणीच्या हाकेवरून? रामबागेतल्या घरी ग्रुप कदाचित मुलाच्या फोनवर असेल, मुलगा ऑफिसात आणि कचऱ्याची बादली सासूबाईंच्या हातात. भंवरकुआंला भाड्याने राहणाऱ्या पोरांकडे ॲप असेल, पण ती मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये नसतील. हे माझे अंदाज. ते खरे का खोटे, हे तिथे जाऊन तपासणं म्हणजेच तुझं संशोधन. दोन वस्त्या घे, तिसरी घेऊ नकोस.

पार्श्वभूमीच्या भागात तू परदेशी विचारवंतांची रांग लावली आहेस. एक-दोघे पुरेत. १९४७ मध्ये सुरू झालेली ‘नई दुनिया’ याच शहरातली. राहुल बारपुते हे आपल्या मराठी घरातले गृहस्थ त्या हिंदी दैनिकाचे संपादक होते, आणि राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी हे नामवंत हिंदी पत्रकार तिथेच घडले. मालवा हाउसमधलं आकाशवाणी केंद्र आहे. वर्तमानपत्र, रेडिओ आणि आता भोंगा व फोन, अशी इंदूरची स्वतःची संवादपरंपरा तुझ्या प्रश्नामागे उभी आहे. ती दोन परिच्छेदांत आली, तर हे काम इंदुरातच का करायचं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता पैशांचं. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप मिळव, ते आधी. २०२३ च्या वाढीनंतर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्यावर घर चालतं, पण तो प्रकल्पाचा खर्च नव्हे. आयसीएसएसआर ही सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठीची १९६९ पासूनची सरकारी परिषद. पीएचडी करणाऱ्यांसाठी तिची वेगळी फेलोशिप आहे. मोठी प्रकल्प-अनुदानं मुख्यतः संस्थांतल्या अनुभवी संशोधकांसाठी, तिकडे आत्ता धावू नकोस. शहर आणि संवाद याच विषयासाठी अर्बन कम्युनिकेशन फाउंडेशनने आयएएमसीआर या माध्यम-संशोधकांच्या १९५७ सालच्या जागतिक संघटनेसोबत संशोधन-अनुदान दिलेलं आहे. यंदाची घोषणा आणि अटी स्वतः वाचून मगच ठरव. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्तावही घेते, म्हणजे अगदी मराठीतसुद्धा! पण ती कलेसाठी आहे. कचरागाडी तिथे बसायची नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणारे किंवा इंदूरच्या मराठी नाटकांचा प्रेक्षक बसेल. आणि दिल्लीच्या सीएसडीएस या समाजविज्ञानाच्या संशोधन संस्थेत २००० साली सुरू झालेल्या ‘सराय’ने विद्यापीठाबाहेरच्या लोकांनाही शहर आणि माध्यमांवर काम करायला छोट्या फेलोशिप दिल्या होत्या. त्या कामांमधून जे मिळेल ते वाच. एका बाजाराकडे, एका मोहल्ल्याकडे किती बारकाईने पाहता येतं, ते कळेल.

अंदाजपत्रकावर मात्र तुझ्याशी भांडायचंय. ‘इतर खर्च’ म्हणून एवढी मोठी रक्कम? परीक्षक तिथेच पेन ठेवतो. तासाभराची मुलाखत कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज जातात. लोक एका वाक्यात हिंदी, माळवी आणि मराठी बोलणार, त्यामुळे बाहेरच्या माणसाला ते जमणार नाही. मुलाखती किती, तास किती, उतरवणार कोण आणि दर काय, हे ओळीने लिही. प्रवास लिही, रेकॉर्डिंगची दुसरी प्रत ठेवायला हार्ड डिस्क लिही. पावत्या पहिल्या दिवसापासून जप. शेवटी पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि पुढचा हप्ता त्यावर अडतो.

संमतीबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, ती मला खटकली. गाडीवरच्या माणसाशी दरोग्यासमोर, म्हणजे त्याच्या मुकादमासमोर, बोलू नकोस. गाडीवाला खरं सांगणार नाही, आणि सांगितलं तर त्याच्या रोजीवर येईल. ड्युटी संपल्यावर भेट, हिंदीत वाचून दाखव, नाव बदलून लिही, आणि नको म्हणाला तर वही बंद कर. ग्रुपचे स्क्रीनशॉट ॲडमिनने दिले म्हणजे सगळ्यांनी दिले असं होत नाही. त्यात बाकीच्यांची नावं आणि नंबर असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काढून वाच. तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण तुझं काम संपल्यावरही त्या माणसांना त्याच गल्लीत राहायचंय.

खंडवा रोडला विद्यापीठाच्या विभागात जाशील तेव्हा गाइडकडून शिफारसपत्राचं आत्ताच बोलून घे. विद्यापीठाची सही शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. नवं पहिलं पान तयार झालं की पाठव. मराठीत लिहिलंस तरी चालेल, इंग्रजी आपण मिळून करू.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका