म्युच्युअल फंड वितरकाच्या छोट्या फर्मसाठी पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तुमची फर्म छोटी आहे, चारशेच्या आसपास ग्राहक, बहुतेक फंड आणि थोडे शेअर. इन्व्हेस्टवेल घ्यावं, वेल्थ एलिट घ्यावं की आणखी काही, असं विचारलंय. आणि खाली लिहिलंय, 'भागीदाराला एकाचं ॲप फार आवडलंय.' त्या ओळीमुळे हे उत्तर लिहायला बसले.

आमची फर्म कोल्हापुरात, घरचीच. दीर ग्राहक आणतात, बॅक ऑफिस मी बघते. २०१९ मध्ये सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तेव्हा डेमोला दीर बसले. मला बोलावलं नाही, कारण भावोजींच्या मते माझं काम फक्त एंट्रीचं. ॲप देखणं होतं, ग्राहकाच्या मोबाइलवर आपल्या फर्मचा लोगो दिसायचा. सौदा तिथेच झाला. जुना डेटा कसा येणार, हे कुणी विचारलंच नाही.

डेटा आला तो 'ओपनिंग बॅलन्स' म्हणून. म्हणजे ज्या दिवशी आम्ही बदल केला त्या दिवशीचे युनिट आणि त्या दिवशीची एनएव्ही (एका युनिटची किंमत). मी तेव्हाच म्हटलं की हे चालणार नाही. उत्तर मिळालं, 'एकूण रक्कम जुळतेय ना?'

२०२० च्या सुरुवातीला इचलकरंजीच्या एका निवृत्त शिक्षिकेने मुलाच्या घरासाठी इक्विटी फंडातून पैसे काढले. एसआयपी २०११ ची, २०१७ मध्ये बंद केलेली. भांडवली नफ्याचा रिपोर्ट काढला तर खरेदीच्या तारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच तारीख, सॉफ्टवेअर बदललं त्या दिवशीची. सगळा नफा अल्पमुदतीचा, त्यावर तेव्हाचा १५ टक्के कर. खरं तर सगळे युनिट दीर्घ मुदतीचे होते. ३१ जानेवारी २०१८ च्या एनएव्हीचा नियम (त्याआधी घेतलेल्या युनिटांना त्या दिवशीची एनएव्ही खरेदी किंमत म्हणून धरता येते) लावला की नफा तेव्हाच्या एक लाखाच्या सवलतीत बसत होता. कर शून्य. दीर म्हणाले, 'पाठवून दे, त्यांचा सीए बघून घेईल.' मी पाठवला नाही. फंडांच्या व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या दोन कंपन्यांकडून (यांना आरटीए म्हणतात) व्यवहारांच्या फायली सुरुवातीपासूनच्या मागवल्या, कॅम्सकडून डब्ल्यूबीआर २ आणि केफिनटेककडून एमएफएसडी २०१, आणि एकेक फोलिओ, म्हणजे ग्राहकाचं फंडातलं खातं, मूळ व्यवहारांवरून पुन्हा उभा केला. बाईंचा रिपोर्ट त्यातला पहिला. त्या फायली मी आजही दर महिन्याला उतरवून वेगळ्या ठेवते. सॉफ्टवेअर कुठलंही असो, व्यवहारांची मूळ प्रत आपल्याकडे हवीच.

आता तुमचा प्रश्न. ज्या दोघांची नावं घेतलीत त्या दोघांवर तुमच्याएवढी फर्म आरामात चालेल. दोघंही आरटीएच्या फीडवर, म्हणजे त्यांच्याकडून येणाऱ्या व्यवहारांच्या फायलींवर चालतात, दोघांतूनही बीएसई स्टार एमएफ या फंडांच्या ऑनलाइन मंचावर व्यवहार टाकता येतात. माइल्सचं मनीवेअर वगैरे तुमच्यासाठी नाही, ते फंड घराणी आणि पीएमएसवाल्यांचं (ग्राहकाचा पोर्टफोलिओ फी घेऊन स्वतः सांभाळणाऱ्यांचं). ॲडेपार, ब्लॅक डायमंड ही अमेरिकेतल्या सल्लागारांची, तिथल्या कस्टोडियनच्या, म्हणजे ग्राहकांचे शेअर-रोखे सांभाळणाऱ्या संस्थांच्या फीडवर उभी. इथे त्यांचं काय करणार?

डेमोला त्यांचा नमुना ग्राहक बघू नका, आपले सगळ्यात किचकट ग्राहक घेऊन बसा. ज्याच्याकडे रिलायन्सचे जुने शेअर आहेत त्याचं खातं टाकायला सांगा. जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा मूळ खरेदी किमतीतला ४.६८ टक्के भाग नव्या शेअरकडे गेला. म्हणजे रिलायन्स १,००० रुपयांना घेतला असेल तर तिकडे ४६ रुपये ८० पैसे दिसले पाहिजेत, आणि खरेदीची तारीख मूळचीच राहिली पाहिजे. शून्य किंमत दिसली की उठा. मग फ्रँकलिनचा एखादा डेट फंड, ज्यात जानेवारी २०२० मध्ये व्होडाफोन आयडियाच्या रोख्यांचा हिस्सा वेगळा काढून त्याचे वेगळे युनिट ग्राहकांना दिले होते. ते वेगळे युनिट फुकट मिळालेले दिसतात की मूळ किंमत विभागून, ते बघा. तिसरं साधंच: १०,००० च्या एसआयपीत १ जुलै २०२० पासून ५० पैसे मुद्रांक शुल्क जातं आणि ९,९९९.५० चे युनिट मिळतात. गुंतवलेली रक्कम एका रिपोर्टमध्ये १०,००० आणि दुसऱ्यात ९,९९९.५० दिसत असेल तर ग्राहकांचे फोन तुम्हालाच घ्यावे लागतील.

आणि करारात लिहून घ्या की सोडून जाताना सगळे व्यवहार, तारीख, युनिट आणि एनएव्हीसकट, एक्सेलमध्ये मिळतील. पीडीएफ चालणार नाही.

या डेमोला भागीदार नको, रोज आकडे जुळवणारा माणूस बसवा. तो पगारी असेल तरी. ग्राहक आणणाऱ्याला रिपोर्टचं पहिलं पान दिसतं, चौथ्या पानावरचा रकाना त्याने कधी उघडलेला नसतो. आमच्याकडे अजूनही दिवाळीला विषय निघाला की 'त्या ॲपने ग्राहक दिले' हे ऐकावं लागतं. ग्राहक आले, मान्य. पण ते टिकले ते मार्च-जुलैमध्ये त्यांच्या सीएकडून एकही तक्रार आली नाही म्हणून, आणि ते काम ॲपने केलेलं नाही.

ॲप नकोच असं माझं म्हणणं नाही. तिशीतल्या ग्राहकाला ते लागतंच, दोन्ही सॉफ्टवेअर आकड्यांत सारखी उतरली तर खुशाल भागीदाराच्या आवडीचं घ्या. दुसरं, पुढे पीएमएसचा परवाना घ्यायचा विचार असेल तर माझं उत्तर अपुरं आहे, कारण तिथे सेबीला परतावा टाइम-वेटेड पद्धतीने (ग्राहकाने पैसे कधी टाकले-काढले याचा परिणाम वगळून) दाखवावा लागतो, आपल्या एक्सआयआरआरने (पैसे आल्या-गेल्याच्या तारखा धरून काढलेल्या वार्षिक परताव्याने) भागत नाही. आणि दुसऱ्याच्या एआरएनवरून (वितरकाच्या नोंदणी क्रमांकावरून) तुमच्याकडे आलेल्या ग्राहकांचा जुना इतिहास तुमच्या फीडमध्ये मिळेलच असं नाही, त्यांच्याकडून सुरुवातीपासूनचं कॅस (सगळ्या फंडांचं एकत्रित विवरण) आधी मागून घ्या.

बदल विवरणपत्रांचा हंगाम संपल्यावर करा, आणि जुनं सॉफ्टवेअर निदान पुढच्या मार्चपर्यंत बंद करू नका. दोन्हीकडचे नफ्याचे रिपोर्ट शेजारी ठेवून जुळले की मगच जुन्याचे पैसे थांबवा.