फिल्टरमध्ये पाणी, दिवा पेटतोय

प्रश्न: दादा, माझी कॉमन रेलची डिझेल पिकअप आहे, पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागतो पण गाडी पळते मस्त, तशीच चालवू का?

उत्तर: अजिबात नको राव! कॉमन रेलमध्ये (एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्यांना, डिझेल जातं) प्रेशर १६०० बारच्या (हवेच्या दाबाच्या १६०० पटीच्या) वरही जाऊ शकतं नि पंप-इंजेक्टरला वंगण डिझेलचंच, त्यात पाणी गेलं की गंज धरतो, मग इंजेक्टरचं बिल बघून घाम फुटेल. इंजिन बंद करा, फिल्टरखाली बाटली धरून बुडाचा ड्रेन स्क्रू ढिला करा, आधी पाणी येईल, नुसतं डिझेल आलं की आवळा, मग हातपंप असेल तर कडक लागेस्तोवर दाबून डिझेल लाइनमधली एअर काढा. आणि रात्री टाकी रिकामी ठेवू नका, आतल्या दमट हवेचं पाणी होतं. दिवा लगेच परत लागला तर टाकीच साफ करून घ्या.