वडिलांच्या सीबीसी रिपोर्टवर ‘स्मज सेल्स दिसतात’ असं लिहिलंय. नमुना खराब झाला का? पुन्हा रक्त द्यावं का?

नमुना खराब झालेला नाही. वडिलांचं वय ६९, टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, ५४ हजार, त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्क्यांच्या वर, आणि लॅबच्या काउंटरवरून तुम्हाला सांगतात, ‘स्लाइड नीट ओढली गेली नाही, परत रक्त देऊन जा.’ हे वाचलं आणि राहवलं नाही. माझी सगळी नोकरी स्लाइड ओढण्यात, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पातळ पसरवण्यात, गेली आहे.

स्मज सेल म्हणजे स्लाइडवर फुटलेली पांढरी पेशी. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, लिम्फोसाइट इतक्या नाजूक होतात की रक्त पसरवणारी स्प्रेडरची काच फिरली की फुटतात. लीशमन नावाचा रंग दिल्यावर केंद्रकाचा नुसता जांभळा फराटा उरतो. शरीरात मात्र त्या अख्ख्याच फिरत असतात. गुमप्रेख्त या जर्मन डॉक्टरांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणजे ही काही नवी भानगड नाही. पेशीचा आकार आतून धरून ठेवणारं व्हिमेंटिन नावाचं प्रथिन कमी असलं की फुटणं वाढतं. त्यात टेक्निशियनच्या हाताचा दोष काय?

आमच्या लॅबच्या सरांना हे पटत नसे. एकदा असंच एका आजोबांचं रक्त आलं. स्लाइडवर जिकडेतिकडे फराटे. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, हात जड झालाय तुमचा. दुसरी ओढा.” दुसरी ओढली, तीही तशीच. त्याच ट्रेमध्ये त्याच सकाळी माझ्याच हातच्या इतर पेशंटच्या स्लाइड स्वच्छ होत्या, त्या कुणी बघितल्या नाहीत. मग मी खालच्या ब्लड बँकेतून बोव्हाइन अल्ब्युमिन (गाईगुरांच्या रक्तातलं प्रथिन) मागून आणलं, ते क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळतं का बघायला, वापरतात ते २२ टक्क्यांचं. पाच थेंब रक्तात एक थेंब अल्ब्युमिन मिसळून स्लाइड केली आणि काही न बोलता सरांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. फराटे जवळजवळ गायब, लहान गोल लिम्फोसाइटनी फील्ड भरलेलं. सर “हं” म्हणाले. आणि रिपोर्टवर सही करताना स्मज सेलची ओळच काढून टाकली. का, तर पेशंट उगाच घाबरतात!

बरं, ओळ काढली ती काढली, डीसीमधूनही, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीतूनही, स्मज वगळायला लावले. हिशेब बघा. स्लाइडवर १०० अख्ख्या लिम्फोसाइट, ८० स्मज आणि २० न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आहेत. स्मज लिम्फोसाइटमध्ये धरले तर न्यूट्रोफिल १० टक्के. सोडून दिले तर तेच १७ टक्के होतात. टीएलसी ६० हजार असेल तर न्यूट्रोफिल ६ हजारांच्या जागी १० हजार दिसणार. सीएलएलच्या पेशंटला इन्फेक्शन कधी गाठेल सांगता येत नाही, त्याच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल असे फुगवून ठेवायचे? आणि घाबरायचंच म्हणाल, तर मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांच्या स्लाइडवर स्मज ३० टक्क्यांहून जास्त होते ते रुग्ण सरासरीने जास्त जगले. म्हणजे सर खोडत होते ती ओळ कुणासाठी चांगली बातमीही असू शकते.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. नुसत्या स्मजसाठी परत सीबीसी करू नका, पैसे वाया जातील. फ्लो सायटोमेट्री लागेल. त्यात पेशींवरच्या सीडी५, सीडी१९, सीडी२३ वगैरे खुणा बघतात. एकाच क्लोनच्या, म्हणजे एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या, बी लिम्फोसाइट मायक्रोलिटरला ५ हजार किंवा जास्त, आणि त्या निदान ३ महिने टिकून असतील तर सीएलएल म्हणतात. पुढे औषध कधी, कुठलं, ते हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारांचे डॉक्टर, ठरवतील. बऱ्याच जणांना सुरुवातीला नुसतं नजरेखाली ठेवतात.

हे आधी लिहायला हवं होतं: थोडे स्मज कुणाच्याही स्लाइडवर दिसू शकतात. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये रक्त बराच वेळ पडून राहिलं तरी दिसतात, काही इन्फेक्शनमध्येही. तेवढ्यावरून कॅन्सर ठरवू नका. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला खटकतं ते लिम्फोसाइटच्या आकड्यामुळे. आणि मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही.

अजून एक. पुढे कधी वडिलांचं पोटॅशियम अचानक खूप वाढलेलं आलं आणि ईसीजी नॉर्मल असेल, तर डॉक्टरांना स्मजबद्दल आवर्जून सांगा. मोठ्या हॉस्पिटलात हवेच्या नळीतून नमुने पाठवतात, त्या धक्क्याने याच नाजूक पेशी ट्यूबमध्येच फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. तेव्हा मात्र रक्त परत द्या आणि ट्यूब कुणाच्या तरी हाती लगेच लॅबला पाठवायला सांगा. तिथे नमुना खरोखरच बिघडलेला असतो.