ब्रिटिश वृत्तपत्रं कोणाच्या बाजूची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ब्रिटनमधल्या राजकारणावर या सदरात काही लिहिलं की तिथल्या वृत्तपत्रांबद्दल हमखास पत्रं येतात. साठलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न : मी लीड्सला शिकायला आले आहे. घरमालकीणबाई ‘टेलिग्राफ’ वाचतात, शेजारचे आजोबा ‘मिरर’ आणि आमचे प्राध्यापक ‘गार्डियन’चे दाखले देतात. कोणतं पत्र कोणत्या बाजूचं, हे एकदा नीट सांगाल का? (विद्यार्थिनी, लीड्स)

तुमच्या या तीन माणसांतच निम्मं उत्तर आहे. १८५५ मध्ये निघालेलं ‘डेली टेलिग्राफ’ हे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं जवळजवळ घरचं पत्र. ‘डेली मेल’ आणि ‘डेली एक्सप्रेस’ही उजवीकडचीच, पण त्यांचा सूर जास्त तापलेला. स्थलांतर, कर आणि युरोप हे त्यांचे नेहमीचे विषय. ‘टाइम्स’ मध्यापासून जरा उजवीकडे झुकलेला, प्रस्थापितांचा आवाज. गुलाबी कागदावर छापला जाणारा ‘फायनान्शियल टाइम्स’ बाजार आणि उद्योगांच्या नजरेतून जग पाहतो. तरी १९९२ मध्ये त्याने मजूर पक्षाला पाठिंबा दिला, तेव्हा लंडनच्या वित्तवर्तुळाला धक्काच बसला होता. डावीकडे ‘मिरर’ आणि ‘गार्डियन’. अगदी डाव्या टोकाला ‘मॉर्निंग स्टार’, कम्युनिस्ट परंपरेचं आणि वाचकांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं.

पण नुसतं डावं-उजवं कळून भागत नाही. ब्रिटनमध्ये वृत्तपत्र हे वर्गाचंही लक्षण आहे. ‘मिरर’ आणि ‘गार्डियन’ दोन्ही डावे असले तरी एकाचा वाचक दुसऱ्याला सहसा हात लावत नाही. ‘मिरर’ कारखान्यातल्या, गोदीतल्या कामगाराचं पत्र म्हणून वाढलं. १९६० च्या दशकात त्याचा खप पन्नास लाखांच्या वर गेला होता आणि १९४५ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत ते मजूर पक्षाच्या मागे उभं राहिलं आहे. ‘गार्डियन’ मात्र शिक्षक, प्राध्यापक, समाजसेवक, सरकारी नोकर यांचं. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातलं गेलं. त्यानंतर दोनच वर्षांनी तिथल्या सुधारणावादी कापड व्यापाऱ्यांच्या पैशातून हे पत्र उभं राहिलं. त्यामुळे त्याची मुळं मजूर चळवळीपेक्षा उदारमतवादात आहेत. २०१० मध्ये त्याने मजूर पक्षाला बाजूला ठेवून लिबरल डेमोक्रॅट्सना पाठिंबा दिला, तो याच परंपरेतून.

वाचक कुठे मत देतात, याचीही पाहणी झालेली आहे. २०१७ च्या निवडणुकीनंतर यूगव्ह संस्थेला ‘टेलिग्राफ’च्या वाचकांपैकी ७९ टक्के आणि ‘मेल’च्या वाचकांपैकी ७४ टक्के हुजूर पक्षाचे मतदार आढळले. ‘गार्डियन’च्या वाचकांत मजूर पक्षाला मत देणारे ७३ टक्के, ‘मिरर’च्या वाचकांत ६८ टक्के. तुमच्या घरमालकीणबाईंशी ब्रेक्झिटवर बोलण्याआधी हे आकडे लक्षात असलेले बरे. मात्र ‘सन’चा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. पत्राने हुजूर पक्षाचा जोरदार प्रचार केला होता, तरी त्याच्या दर दहा वाचकांपैकी तिघांनी मजूर पक्षालाच मत दिलं.

प्रश्न : ‘अमक्या पक्षाला मत द्या’ असं वृत्तपत्राने छापलेलं तिकडे चालतं? आम्हाला वर्गात तटस्थता शिकवतात. (पत्रकारितेचा विद्यार्थी, पुणे)

चालतं, आणि वाचक त्याची वाटही पाहतात. तटस्थतेचं कायदेशीर बंधन आहे ते रेडिओ-टीव्हीवर. बीबीसी असो की खासगी वाहिनी, निवडणुकीच्या काळात ऑफकॉम ही नियामक संस्था त्यांच्यावर लक्ष ठेवून असते. छापील पत्रांना असं बंधन नाही. बहुतेक मोठ्या पत्रांनी मान्य केलेली आचारसंहिता एवढंच सांगते की बाजू घ्या, मोहीम चालवा, पण मत, तर्क आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ करू नका. हा शेवटचा भाग किती पाळला जातो, हाच खरा वादाचा विषय आहे आणि माझ्या मते तो पुरेसा पाळला जात नाही.

या खेळातला सर्वांत निष्णात गडी ‘सन’. ९ एप्रिल १९९२ हा मतदानाचा दिवस. ‘सन’ने पहिल्या पानावर मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचा चेहरा विजेच्या बल्बमध्ये छापला आणि लिहिलं, आज किनॉक जिंकले तर ब्रिटन सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे मालवावेत. किनॉक हरले. दोन दिवसांनी त्याच पत्राने ‘सन’नेच जिंकून दिलं अशी फुशारकी मारली. पुढे मजूर पक्षाचे नेते झालेल्या टोनी ब्लेअर यांनी यातून धडा घेतला. १९९५ मध्ये ते ‘सन’चे मालक रुपर्ट मर्डोक यांच्या कंपनीच्या परिषदेत भाषण करायला थेट ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर गेले. १८ मार्च १९९७ ला, निवडणूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘सन’ने ब्लेअरना पाठिंबा दिला. २००९ मध्ये तो काढून घेतला. जुलै २०२४ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी पुन्हा मजूर पक्ष. १९७९ पासून हे पत्र एकदाही विरोधी बाकांवर बसणाऱ्याच्या बाजूला सापडलेलं नाही.

तुम्ही वर्गात दाखवावीत अशी दोन पानं सांगतो. ३० एप्रिल २०१५, एकाच दिवशी निघालेली ‘सन’ची दोन पहिली पानं. लंडनच्या आवृत्तीवर डेव्हिड कॅमेरॉन तान्ह्या बाळाच्या रूपात दुपट्यात गुंडाळलेले, कारण राजघराण्यात बाळ येऊ घातलं होतं, आणि पाठिंबा हुजूर पक्षाला. स्कॉटलंडच्या आवृत्तीवर निकोला स्टर्जन अंतराळयुद्धातल्या राजकन्येच्या वेशात, हातात लखलखती तलवार, आणि पाठिंबा स्कॉटिश नॅशनल पार्टीला. मालक एक, नाव एक. मात्र ग्राहक वेगळे, त्यामुळे पक्षही वेगळे. बाजू घेण्यामागे विचारसरणी किती आणि खपाचं गणित किती, यावर या दोन पानांहून चांगला पाठ मला माहीत नाही.

प्रश्न : म्हणजे सगळं मालकच ठरवतो ना? (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

बरंचसं. ‘टाइम्स’ आणि ‘सन’ मर्डोक घराण्याचे. ‘मेल’ रॉदरमियर घराण्याचा. १८९६ मध्ये आल्फ्रेड हार्म्सवर्थने तो अर्ध्या पेनीला काढला, आणि त्याच्या धाकट्या भावाने, पहिल्या लॉर्ड रॉदरमियरने, १९३४ मध्ये त्यातून ब्रिटिश फॅसिस्टांचं उघड कौतुक केलं. मालकाची मर्जी किती लांब जाऊ शकते, याचं हे उदाहरण आजही दिलं जातं. ‘टेलिग्राफ’ विकायला निघाला तेव्हा अबू धाबीचा पैसा मागे असलेला व्यवहार सरकारने अडवला, आणि परकीय सरकारांच्या मालकीवर २०२४ मध्ये कायद्यानेच निर्बंध आले. मालक कोण याने फरक पडतो, हे तिथल्या संसदेनेही मानलं आहे.

तरीही ‘सगळं’ हा शब्द मी मान्य करणार नाही. ‘मिरर’ आणि ‘एक्सप्रेस’ २०१८ पासून एकाच कंपनीचे आहेत. एक पक्का डावा, दुसरा पक्का उजवा. मालकाने दोघांनाही हात लावला नाही, कारण बाजू बदलली तर वाचक जाईल. २०१६ च्या सार्वमतात ‘डेली मेल’ युरोपातून बाहेर पडण्याच्या बाजूने होता, तर त्याच मालकाचा रविवारचा ‘मेल ऑन संडे’ युरोपात राहण्याच्या बाजूने. दोन्हीकडचे संपादक वेगळे होते आणि दोघेही आपापल्या मतावर ठाम.

‘गार्डियन’ची व्यवस्था निराळी आहे. १९३६ मध्ये स्कॉट कुटुंबाने पत्राची मालकी एका विश्वस्त निधीकडे सोपवली. नफा मालकाच्या खिशात जात नाही, पत्रातच परत येतो. अशी रचना आपल्याकडे एखाद्या मोठ्या दैनिकाने करावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : टॅब्लॉइड म्हणजे खालच्या दर्जाचं पत्र, हे बरोबर आहे का? (वाचक, अमरावती)

नाही. तो मुळात पानाचा आकार. ‘टाइम्स’ २००४ मध्ये आणि ‘गार्डियन’ २०१८ मध्ये त्याच लहान आकारात आला. ‘सन’, ‘मिरर’, ‘स्टार’ यांना त्यांच्या लाल नाममुद्रेमुळे ‘रेड टॉप’ म्हणतात. सनसनाटीचा आरोप करायचा तर त्यांच्यावर करा, आकारावर नको.

प्रश्न : वृत्तपत्र वाचून लोक मत बदलतात, की आपल्या मताचंच वृत्तपत्र निवडतात? (सॉफ्टवेअर अभियंता, स्लाउ, इंग्लंड)

अभ्यासकांना या प्रश्नाने फार दिवस छळलं. ‘मेल’चा वाचक युरोपविरोधी आहे, यावरून ‘मेल’ने त्याला तसं घडवलं असं सिद्ध होत नाही. खात्री करायची तर एखाद्या शहरातून एखादं वृत्तपत्र अचानक नाहीसं व्हायला हवं, आणि त्याचा राजकारणाशी संबंध असता कामा नये. लिव्हरपूलमध्ये नेमकं तेच झालं, पण एका भयंकर घटनेतून.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली आणि त्यात लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले. शेवटच्याचा मृत्यू तर कित्येक वर्षांनी, २०२१ मध्ये झाला. चार दिवसांनी ‘सन’ने ‘सत्य’ असा मोठा मथळा देऊन छापलं की प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली. हे सगळं खोटं होतं. मुलं गमावलेल्या घरांत हे पान गेलं. शहर पेटून उठलं. विक्रेत्यांनी गठ्ठे उघडायला नकार दिला, चौकात प्रती जाळल्या गेल्या आणि ‘सन’चा तिथला खप कोसळला तो कायमचा. पत्राने पहिल्या पानावर माफी मागितली ती २०१२ मध्ये, स्वतंत्र चौकशी पथकाने पोलिसांनी केलेली लपवाछपवी उघड केल्यानंतर. आजही लिव्हरपूलच्या अनेक दुकानांच्या दारावर ‘इथे सन मिळत नाही’ असं लिहिलेलं असतं.

फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशॉफ या दोन संशोधकांनी या बहिष्काराचा वेगळा उपयोग केला. ‘सन’ वर्षानुवर्षं युरोपविरोधी मजकूर छापत होता. लिव्हरपूल ज्यात येतं त्या मर्सीसाइड परगण्यात तो पोचेनासा झाल्यावर तिथल्या लोकांचं युरोपबद्दलचं मत बदललं का, हे त्यांनी दरवर्षीच्या सामाजिक पाहणीतून तपासलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. बहिष्कारानंतर तिथला युरोपविरोध इंग्लंडच्या तशाच इतर भागांच्या तुलनेत घटला, आणि तो विशेष करून ज्या कामगारवर्गात ‘सन’ वाचला जाई, त्यांच्यात. २०१६ मध्ये लिव्हरपूलने ५८ टक्के मतांनी युरोपात राहण्याचा कौल दिला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की एका निवडणुकीच्या एका मथळ्याने फारसं काही होत नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी एकच गोष्ट सांगितली की होतं.

प्रश्न : लोकमान्य टिळकांनी लंडनमध्ये एका वृत्तपत्रावर खटला भरला होता म्हणतात. ते कोणतं? (शिक्षिका, रत्नागिरी)

खटला वृत्तपत्रावर नव्हता, पत्रकारावर होता. व्हॅलेंटाइन चिरोल हे ‘टाइम्स’चे परराष्ट्र विभागाचे प्रमुख. १९१० मध्ये त्यांनी ‘टाइम्स’मध्ये हिंदुस्थानातल्या असंतोषावर लेखमाला लिहिली आणि ती ‘इंडियन अनरेस्ट’ या नावाने पुस्तकरूपात आणली. टिळकांना असंतोषाचे जनक ठरवणारे ते हेच. रँड आणि जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या खुनांशी चिरोलनी टिळकांच्या लिखाणाचा संबंध जोडला. टिळकांनी बदनामीचा दावा लावला आणि १९१८ मध्ये ते लंडनला गेले. चिरोलच्या बाजूने एडवर्ड कार्सन हे बडे वकील उभे होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल टिळकांच्या विरोधात गेला आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. त्या काळी ‘टाइम्स’मध्ये छापून आलं म्हणजे साम्राज्याचं अधिकृत मत, असंच इंग्रज मध्यमवर्ग धरून चालत असे. त्या वर्गातल्या ज्यूरीसमोर ‘केसरी’च्या संपादकाला न्याय मिळणं अवघडच होतं.

याच काळातली ‘मॉर्निंग पोस्ट’ची हकिगतही मुलांना जरूर सांगा. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरला पदावरून दूर केलं, तेव्हा १९२० मध्ये या कडव्या उजव्या पत्राने त्याच्यासाठी निधी उघडला आणि वाचकांनी २६ हजार पौंडांवर रक्कम जमा केली. आपला वाचक कोण आहे, हे त्या पत्राला पुरतं ठाऊक होतं. १९३७ मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ ‘टेलिग्राफ’मध्ये विलीन झाला.

प्रश्न : स्पर्धापरीक्षेच्या मुलांना ब्रिटिश पत्रं ऑनलाइन वाचायला सांगतो. झुकाव ओळखायचा कसा? (मार्गदर्शक, नाशिक)

अग्रलेखापासून सुरुवात करू नका. तिथली बाजू उघडच असते, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. बातमीचं पान घ्या.

एक दिवस सुचवतो, ४ नोव्हेंबर २०१६. आदल्या दिवशी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करायला सरकारला संसदेची परवानगी लागेल. मुद्दा घटनात्मक होता. ब्रेक्झिट व्हावं की नाही, याबद्दल न्यायाधीश काहीच बोलले नव्हते. ‘मेल’ने तिन्ही न्यायाधीशांची छायाचित्रं ओळीने लावून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ म्हटलं. ‘टेलिग्राफ’चा मथळा ‘न्यायाधीश विरुद्ध जनता’ असा होता. तेच पान ‘फायनान्शियल टाइम्स’ आणि ‘गार्डियन’च्या त्या दिवशीच्या पानांशेजारी ठेवा. कोणाचं छायाचित्र वापरलं, पहिल्या परिच्छेदात कोणाचं म्हणणं आलं, निकालात नेमकं काय म्हटलं आहे ते कितव्या परिच्छेदात सापडतं, हे मुलांना वहीत लिहायला लावा. मग निकालपत्राचा सारांश वाचायला द्या, तो खुला आहे. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल ८ विरुद्ध ३ मतांनी कायम केला. त्या दिवशीच्या पहिल्या पानांवरही हाच अभ्यास करून घ्या.

आणि एक व्यवहाराची बाब. ‘टाइम्स’, ‘टेलिग्राफ’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ ऑनलाइन वाचायला वर्गणी लागते, ‘गार्डियन’ फुकट आहे. त्यामुळे आपली मुलं नकळत एकाच बाजूचं ब्रिटन वाचत राहतात. जवळच्या ब्रिटिश कौन्सिलचं किंवा विद्यापीठाचं सभासदत्व घेऊन उजवीकडची पत्रंही मिळतात का, ते पाहा. मिळत नसतील तर निदान बीबीसीवर दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या पहिल्या पानांचा आढावा रोज रात्री येतो, तो मुलांना पाहायला सांगा.