साखर ‘जास्त’ विरघळते की ‘लवकर’?

घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सातवीतल्या मुलाने वहीत ‘ढवळल्याने साखरेची विद्राव्यता वाढते’ असं लिहिलं, त्यावर बाईंनी काट मारली. वरच्या ओळीतलं ‘साखर पाण्यात वितळते’ही खोडून ‘विरघळते’ केलं. ताई म्हणतात, घरात आम्ही दोन्ही म्हणतो, मग चुकलं कुठे?

वितळण्याचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. वितळायला नुसती उष्णता पुरते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. तूप वितळतं, मेण वितळतं, बर्फ वितळतो. मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस गाठावं लागेल. तेच मीठ वाटीभर गार पाण्यात बघता बघता विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ‘वितळलं’ असं आपण म्हणतो खरं, पण तिथेही ते हवेतली ओल ओढून तिच्यात विरघळलेलं असतं. ‘मिठाला पाणी सुटलं’ हा आपला जुना प्रयोग त्यापेक्षा कितीतरी नेमका. (आईस्क्रीम मात्र पाघळतं. आणि नातवाचं रडणं ऐकून आजोबा विरघळतात. ते वितळले असं कुणी म्हणत नाही.)

खरी गंमत ढवळण्याच्या वाक्यात आहे. ‘विरघळणे’ हे क्रियापद किती आणि किती वेळात यात भेदच करत नाही. ‘गार दुधात साखर विरघळत नाही’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. विरघळते हो, थांबायची तयारी हवी. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, म्हणजे पाण्याच्या दुप्पट. पेलाभर दुधातल्या दोन चमच्यांचं काय घेऊन बसलात! आपली तक्रार वेळेची असते आणि शब्द मात्र प्रमाणाचा वाटतो.

शास्त्राच्या पुस्तकांनी ‘विद्राव्यता’ हा शब्द फक्त ‘किती’साठी राखून ठेवला आहे: ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त किती मावेल तेवढंच. ढवळल्याने ते वाढत नाही. खडीसाखरेऐवजी पिठीसाखर घेतली तरी वाढत नाही. दोन्हींनी फक्त वेळ वाचतो: ढवळल्याने दाण्याभोवतीचं गोडमिट्ट पाणी बाजूला होऊन ताजं पाणी येतं, आणि पिठीसाखरेचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग मोठा असतो. उष्णता मात्र साखरेच्या बाबतीत दोन्ही कामं करते. १०० अंशांना तेवढ्याच पाण्यात सुमारे ४८५ ग्रॅम साखर मावते, म्हणून तर पाक होतो, आणि निवल्यावर तो साखर धरतो तेही म्हणूनच. मिठाला हा नियम जेमतेम लागू: २० अंशांना ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. सोड्यातल्या वायूचं तर उलटंच. तापलेली बाटली उघडून पाहा, वायू बाहेर पडायची वाटच बघत असतो.

तेव्हा मुलाने लिहावं: ‘ढवळल्याने साखर लवकर विरघळते, किती विरघळेल ते बदलत नाही.’ बाईंची काट बरोबर आहे, पण नुसत्या काटेने मुलाला काही कळत नाही, शेजारी ‘लवकर’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

याच धड्यात ‘संपृक्त’ भेटेल. मुलं त्याचा अर्थ ‘गच्च भरलेलं’ असा पाठ करतात. संस्कृतात तो ‘एकमेकांत मिसळलेलं, जोडलेलं’ असा आहे; रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात शब्द आणि अर्थ जसे संपृक्त तसे पार्वती-परमेश्वर, असं कालिदास म्हणतो. ‘आता आणखी मावणार नाही’ हा अर्थ रसायनशास्त्राने त्याच्यावर चढवला. संपृक्त म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं तर उरणकडची मिठागरं आहेत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने पाणी आटत आटत सुमारे एक दशांशावर आलं की मगच मीठ खाली बसू लागतं. आपण त्याला मीठ ‘पिकणं’ म्हणतो, भातासारखं.

ताईंनी जाता जाता हिंदीतला ‘घोल’ का नको, असंही विचारलंय. तो मराठीत आणायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे घोळ होतो तो हिशेबात, नाहीतर तो मासळीबाजारात मिळतो. आपलं ‘द्रावण’ बरं.

आणि गणपतीत सगळ्यांच्या तोंडी असतं ते ‘शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते’. काटेकोर बोलायचं तर शाडू विरघळत नाही. भिजून तिचे कण सुटे होतात आणि गाळ तळाशी बसतो. उलट प्लास्टरच्या मूर्तीतलं जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम का होईना, पण खरोखर विरघळतं! त्या मूर्तीच्या विसर्जनासाठी बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालतात तेव्हा तर सरळ रासायनिक अभिक्रिया होते, खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. शाडूसाठी आपल्याकडे ‘विरणे’ आहे की. ढग विरतात, आवाज विरतो, नेसून नेसून लुगडं विरतं. तशीच शाडूची मूर्ती कृत्रिम तलावात विरते.