स्ट्रिपचं बिल आणि फॉर्ममधला रिकामा रकाना

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय 47) चार वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी आरोग्य विमा घेतला. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपचं आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीचं बिल पाठवलं, ते नामंजूर झालं. एजंट म्हणतात, फॉर्ममध्ये मधुमेह लिहिला नाही तेच बरं. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बिल नामंजूर होणारच होतं. बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच कामी येतात. घरी बोट टोचून साखर बघणं हा ओपीडीचा, म्हणजे ॲडमिट न होता होणारा खर्च. ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलं असेल, तरच विचारण्यात अर्थ आहे. ॲडमिट व्हावं लागलं, तर त्याच आजारासाठी आधी आणि नंतर ठरावीक दिवसांत केलेल्या तपासण्या मात्र मिळतात. म्हणून लॅबची बिलं फेकू नका.

मला काळजी वाटते ती एजंटच्या त्या वाक्याची. मी अनेक वर्षं क्लेमच्या फायली तपासल्या. पायाची जखम चिघळून ॲडमिट झालेले एक गृहस्थ आठवतात. केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात एकच ओळ होती, ‘मधुमेह, 6 वर्षे’. पॉलिसी तीन वर्षांपूर्वी घेतलेली, आणि फॉर्ममध्ये मधुमेह लिहिलाच नव्हता. क्लेम गेला, पॉलिसीही रद्द झाली. त्यांच्या पत्नी कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि मला त्यांच्यासाठी काहीच करता आलं नाही.

मधुमेह सांगितला असता तर प्रीमियम थोडा वाढला असता, शिवाय प्रतीक्षाकाळ लागला असता, म्हणजे ठरावीक महिने त्या आजाराचा क्लेम मिळाला नसता. एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारांसाठी तो 36 महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. पूर्वी 48 होता. तेव्हा आत्ताच, मिस्टर धडधाकट असताना, कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. कंपनी जादा प्रीमियम मागेल, कदाचित पॉलिसी बंदही करेल. तरीही कळवाच. दुसरी पॉलिसी शोधायला आज वेळ आहे, आयसीयूच्या दारात नसेल.

आणि खर्च वाचवायला तपासणी बंद करू नका. किती वेळा तपासायचं ते डॉक्टरांना विचारा. गोळ्यांवर असलेल्या सगळ्यांनाच रोज टोचावं लागत नाही. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. माझ्या आईने आंबा चिरलेल्या हातानेच तपासलं, आकडा 290 आला. हात धुऊन पुन्हा घेतला तर 160. एक स्ट्रिप वाया गेली, घाबरलो ते वेगळंच. घरात तिशी ओलांडलेलं आणखी कुणी असेल, तर त्यांची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते.